हाव, बॅटरी फुल हाय

यशा, तुला खांदा देऊन आम्ही जुन्या मोंढ्याच्या वळणावर आलो आणि समोरून वरात आली. लग्नसराई आहे, वरात यायचीच. डीजेच्या गाडीवर तुझंच गाणं लागलं होतं. 'उतर मुदखेडला, राणी, उतर मुदखेडला.' आता त्याला खालून नवा ठोका चढवलाय, पण वरचा आवाज तोच, आपल्या कॅसेटवरचा, बारीक आणि पळणारा. पोरं घामानं निथळत नाचत होती. नवरदेवाच्या मामानं का कुणीतरी मयत पाहिली आणि डीजेवाल्याला हात केला. गाणं बंद झालं. पोरं रस्त्याच्या कडेला सरकली, एकदोघांनी हात जोडले. तुझ्या मयतीला वाट द्यायला त्यांनी तुझंच गाणं थांबवलं आणि त्यांच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. आपण वळण पार केलं, तशी मागं गाणं पुन्हा सुरू झालं. जिथं थांबलं होतं तिथूनच.

बालाजी माझ्यापुढं होता. त्याचा चेहरा रडून सुजला होता. मान मागं वळवून तो म्हणाला, ऐकलंस का. त्याला वाटत होतं की परत जाऊन त्या पोरांना सांगावं, हा बघा, हा गेला, ह्याचंच गाणं आहे. मला मात्र गाणं बंद झालं तेवढा वेळ बरं वाटलं होतं. का, तेच सांगायला हे लिहायला घेतलंय. तोंडावर सांगायचं होतं. चाळीस वर्षं हातात होती आणि मी ती नुसती दवडली.

न्यू चमक डिस्को पार्टी, नांदेड. जुनी चमक कुठं होती म्हणून आपण न्यू, हे मी तेव्हाही विचारलं होतं. तू म्हणालास, न्यू लावलं की लोकांना वाटतं आधीची पण चालत होती. चौघं होतो. बालाजी ड्रमवर, सुभाष कॅसिओवर, तू गायला आणि गाणी जुळवायला, आणि मी साउंडवर. साउंड म्हणजे अब्बांच्या दुकानातले भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि बॅटऱ्या. भोंगे-बॅटऱ्या भाड्यानं द्यायचं आमचं तीन पिढ्यांचं नसलं तरी दीड पिढीचं दुकान. चमकीचे शर्ट आपण बँडवाल्यांच्या शिंप्याकडून शिवले. त्यानं सवयीनं खांद्याला झालरी लावून दिल्या आणि पहिल्याच कार्यक्रमात एका म्हाताऱ्यानं आपल्याला विचारलं, घोडा कुठाय.

सुभाष पुढं हैदराबादला गेला तो तिकडचाच झाला. पार्टीतले, तुझा आवाज माहीत असलेले, आता इथं मी आणि बालाजी, दोघंच उरलोय.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो तुमच्या गल्लीत, चौदा एप्रिलच्या जयंतीला. मी भोंगा बांधायला आलो होतो. तुझे वडील गात होते आणि तू मागून साथ करत होतास. मिसरूड नुकती फुटलेली आणि आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, खोल. अब्बा मला हळूच म्हणाले, "इसकू माइक कायकू लगता रे?" त्या दिवसापासून दर जयंतीला तुमच्या गल्लीचा भोंगा आमच्याकडून, ही रीत पडली. पुढं भोंगे गेले, डीजे आले, तरी मी त्या दिवशी येऊन नुसता बसायचो. तुझ्या आईच्या हातचं खाऊन यायचो.

आता लातूर.

त्या कॅसेटवाल्या शेटजीच्या दुकानामागची ती खोली तुला आठवत असेल. भिंतींना पोती ठोकलेली, पंखा लावायला बंदी, कारण पंख्याचा आवाज येतो. शेटजी मोठा शांत माणूस. आपण दुपारी पोचलो, मांडामांड झाली, आणि लाइट गेली. शेटजी म्हणाले, आज काय खरं दिसत नाही, परत कधीतरी या. सुभाषनं कॅसिओ झाकायला घेतला. तू एकदम म्हणालास, मुन्याकडं बॅटरी हाय की. बॅटरी होती. आदल्या दिवशी भोकरला वरात होती, तिथलं सामान घेऊन मी रात्री घरी आलो होतो आणि सकाळी तेच सामान उचलून तुमच्याबरोबर लातूरच्या गाडीत बसलो होतो.

आमच्या धंद्यात एक नेम आहे. वापरलेली बॅटरी दुकानात आली की आधी तिची झाकणं उघडायची, पाणी बघायचं, चार्जिंगला लावायची, मग हात धुऊन जेवायचं. अब्बांनी हा नेम मला नमाजाआधी शिकवला असेल. भोकरहून आल्यावर मी आधी जेवलो, आणि जेवल्यावर झोपलो.

"मुन्या, बॅटरी फुल हाय ना?" तू विचारलंस.

सगळे माझ्याकडं बघत होते. शेटजीसुद्धा. बॅटरीवाल्याच्या पोरानं, एवढ्या लांब येऊन, न्हाई म्हणायचं?

"हाव, फुल हाय," मी म्हणालो.

गाणं चाललं असताना टेपच्या मशीनवरचा लाल दिवा मंद होत गेला. ते फक्त मला दिसत होतं. मी सरकत सरकत दिव्यापुढं जाऊन उभा राहिलो, शेटजींना दिसू नये म्हणून. तुला वाटलं, मी तुझं गाणं जवळून ऐकायला आलो. तू माझ्याकडं बघून हसलास आणि शेवटचं कडवं असं काही गायलास, की शेटजींनी मान डोलावली. मग आपण तिथंच, त्याच बॅटरीवर, ते परत लावून ऐकलं. मशीननं गाणं ज्या संथ चालीनं भरलं होतं तशाच संथ चालीनं वाजवलं, म्हणून सगळं जागच्या जागी वाटलं. तुझा आवाज तुझाच आला. तू डोळे मिटून ऐकलास आणि म्हणालास, "हां. ह्यो मी हाय."

टेपमधून तुला तुझा आवाज ऐकू आला तो एवढा एकदाच.

पंधरा दिवसांनी कॅसेट आली. आमच्या दुकानात, लाइटवर, आपण ती लावली. सुरुवातीलाच गाणं घाईत होतं आणि पुढं पुढं जास्तच पळायला लागलं. आवाज बाईचा म्हणावा तर बाईचा नाही, पोराचा म्हणावा तर पोराचा नाही. तुझं तोंड पांढरं पडलं. मला तिथल्या तिथं कळलं. बॅटरी कमजोर होती म्हणून मशीन हळू फिरलं होतं, आणि बॅटरी उतरत गेली तसं आणखी हळू. पुऱ्या लाइटवर लावल्यावर तेच गाणं पळत सुटलं. यात गूढ असं काहीच नव्हतं. बॅटरी परत आणली त्याच दिवशी अब्बांनी झाकणं उघडून विचारलं होतं, "चार्ज नै करा था क्या रे?" त्यांना मी खरं सांगितलं. ते ओरडले, आणि विषय संपला. घरात संपला म्हणून मला वाटलं, बाहेरही संपेल.

आणि गाणं चाललं, यशा. ते नसतं चाललं तर मी तुला दोन दिवसांत सांगितलं असतं, शपथेवर सांगतो. तू दोन शिव्या दिल्या असत्यास, आपण परत लातूरला गेलो असतो. पण लोकांना वाटलं, वाहवा, काय डोकं लावलंय, गाण्यातली आगगाडी सुटते आणि मुदखेडपर्यंत वेग घेत जाते. त्या लग्नसराईत आपल्या गाण्याशिवाय वरात नव्हती. उदगीर, देगलूर, निलंगा, पार सीमेपलीकडं कानडी आणि तेलुगू लग्नांतसुद्धा लोक मुदखेडला उतरून राहिले होते. शेवटच्या कडव्याला दम टिकवणारा तो खरा नाचणारा, अशा पैजा लागायच्या. सुभाष म्हणायचा, आपल्याला देवानं हात दिला. मी चहा पीत राहायचो.

देगलूरला मात्र तू स्टेजवर उभा राहिलास आणि तुझ्या खऱ्या आवाजात पहिली ओळ घेतलीस. मैदान भरलेलं. आधी हसू आलं लोकांना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ह्यो त्यो न्हाई, डुप्लिकेट हाय." मग खुर्च्या उडाल्या. बालाजीच्या कपाळाला टाका पडला.  परतीला नरसीच्या फाट्यावर टेम्पो चहाला थांबला तेव्हा तू म्हणालास, लोकांना त्योच आवाज पायजे तर त्योच देऊ.

त्या वेळी तरी मी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, जमंल का तुला?

तू जमवलंस. दोन पट्ट्या वर, आणि शेवटाला आणखी वर, आणि चाल पळवत. कार्यक्रमाआधी ज्येष्ठमध, आलं, गरम पाणी. कार्यक्रमानंतर थुंकीत लाल दिसायचं ते तू पायानं मातीत मिसळायचास, मी बघितलं नाही असं समजून. पाचेक वर्षं तू दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज काढत राहिलास आणि तो दुसरा कुणी जन्मालाच आलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले गाठी आहेत, बोलणं बंद ठेवा. तोवर गाणंही जुनं झालं होतं. दुसरं एकही गाणं आपलं चाललं नाही, कारण दुसऱ्या गाण्यांना मी बॅटरी फुल चार्ज करून न्यायचो.

गाठी काढल्या, आवाज आला तो फाटका. तुला शिपायाची नोकरी लागली, लग्न झालं, शालूवहिनी आल्या, प्रज्ञा झाली. डिस्को गेलं त्याचं तुला कधी वाईट वाटलं नाही, तू स्वतःच त्या झालरींची टिंगल करायचास. तुला लागलं ते जयंतीचं. वडील गेल्यावर गल्लीनं माइक तुझ्या हातात दिला आणि तू तो खाली ठेवलास. त्या दिवसापासून तू टाळ्या वाजवायला मागच्या रांगेत, माझ्याशेजारी. एकदा तू माझ्या कानाशी घोगऱ्या आवाजात ओळ धरलीस आणि सोडून दिलीस. मला उठून जावंसं वाटलं. उठलो नाही, कारण जेवण व्हायचं होतं. इतका मी हलका माणूस आहे, हे तुला माहीत नव्हतं की माहीत असून तू चालवून घेतलंस, आता कुणाला विचारू?

दोष मात्र तू शेटजींच्या माथी मारलास. तुझी खात्री होती की त्यांनी धंद्यासाठी मशीनमधून तुझा आवाज बदलला, कदाचित एखाद्या पोरीचा आवाज मिसळला, आणि असल टेप दाबून ठेवली. "लातूरचं पाणी पिणार न्हाई," ही तुझी प्रतिज्ञा. शेटजी गेल्याची बातमी आली तेव्हा तू म्हणालास, माझा गळा घेऊन गेला. एका भल्या माणसाला तू चाळीस वर्षं शिव्या दिल्यास आणि मी शेजारी बसून हं हं करत होतो. प्रज्ञा लातूरला नोकरीला लागली, तिथंच संसार थाटला. तू लेकीच्या घरी जायचास तो पिशवीत नांदेडच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. पाणी संपलं की निघायचास. लेक दारात उभी राहायची, अजून एक दिवस राहा म्हणायची. जावयाला वाटायचं, सासऱ्यांना आपलं घर आवडत नाही. आपण सगळे यावर हसायचो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

एकदा मी सुरुवात केली होती. विष्णुपुरीच्या धरणावर, तू रजा काढली होतीस, पाणी सोडलेलं बघायला गेलो होतो. मी म्हणालो, यशा, त्या दिवशी ती बॅटरी... तू मला पुढं बोलूच दिलं नाहीस. "बॅटरीचं नाव काढू नको, मुन्या. तुझ्या बॅटरीनं त्या दिवशी आपली अब्रू राखली." आणि माझ्या पाठीवर हात मारलास. ही गोष्ट तू चारचौघांत शंभरदा सांगितलीस, लाइट गेलती, मुन्याची बॅटरी नसती तर गाणंच झालं नसतं. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे. खोटं बोलून मान मिळाला की तो उतरवून ठेवणं फार अवघड असतं, हे मी अनुभवानं सांगतो.

दवाखान्यात तू मागितलंस तरी काय? फळं नको, कुणाला बोलवायला नको. म्हणालास, मला इथून सोडलं की आपण दोघं लातूरला जाऊ, शेटजीच्या पोरापुढं हात जोडू, असल टेप मागू. नातू आजोबाचं गाणं म्हणून ते चिरचिरं ऐकतो. एकदा माझा आवाज त्याला ऐकवायचाय. मला माहीत होतं की असल म्हणून वेगळी टेप कुठंच नव्हती. जी घरोघरी वाजली तीच असल होती, तिच्यातच तू होतास. मी म्हणालो, तू बरा हो, पुढच्या हप्त्यात जाऊ. तू लगेच विचारलंस, नक्की? मी म्हणालो, हाव.

दुसऱ्यांदा.

काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण मला आता न चुकता येतं. भंतेजी गेले, पाहुणे पांगले, बालाजीला त्याचा मुलगा घेऊन गेला. मी चपला शोधत होतो, तेवढ्यात प्रज्ञा आली. म्हणाली, "काका, उद्या मी लातूरला चालले. त्या शेटजींच्या मुलाकडं जाऊन बाबांची टेप मागते. तुम्ही येता का संगं? बाबा म्हणायचे, तुम्ही यायला कबूल झालता."

तिच्या मागं शालूवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, ही पोरगी आता त्या मुलाच्या दारात जाऊन भांडेल. बापाचं वैर घेऊन जाईल. मी खाली बसलो आणि सांगितलं. भोकरची वरात, जेवण, झोप, लाल दिवा, सगळं. माझं मलाच नवल वाटलं, सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वहिनी ऐकत होत्या. मधेच उठून आत गेल्या. आतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

प्रज्ञा माझ्यासमोर खाली बसली. मग तिनं विचारलं, "म्हणजे बाबांचा आवाज त्याच्यातच हाय? फक्त पळून राहिलाय?"

मी मान हलवली. तिनं मोबाइल काढला. गाणं लावलं, आणि पडद्यावर बोटानं एक खूण मागं ओढली. गाणं संथ झालं आणि आवाजही तसाच खाली उतरला. एवढंच, यशा. एक बोट. ही सोय तिच्या मोबाइलमध्ये कितीतरी वर्षांपासून होती, तिला फक्त माहीत नव्हतं की मागं ओढायचं असतं, कारण ते माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. मी तिला सांगत गेलो, आणखी थोडं मागं. इथं थांब. आता दुसरं कडवं, इथून बॅटरी उतरायला लागली होती, अजून ओढ. शेवटाला पार कमी कर. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

आणि तू गायला लागलास. रांजणातला.

दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून मला हे करता आलं असतं. प्रज्ञा तिथंच असायची, मोबाइल तिच्या हातातच असायचा.

आत भांडं वाजलं. वहिनी दारात आल्या. तुझ्याबरोबर तीसेक वर्षं संसार केलेली बाई. चौकटीला धरून उभ्या राहिल्या, थोडा वेळ ऐकलं, आणि त्यांनी प्रज्ञाला विचारलं,

"कोण गाऊन राहिलंय गं हे?"

प्रज्ञाला तरी काय माहीत? तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "वहिनी, यशा हाय."

त्या उंबऱ्यावर बसल्या. पदराचं टोक तोंडाशी धरलं. गाणं संपलं तेव्हा म्हणाल्या, परत लाव. संपलं तसं पुन्हा म्हणाल्या, परत लाव. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. मी येतो म्हणालो तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नाही, आणि त्यांनी पाहावं असं मागायचा मला हक्क नाही. प्रज्ञा फाटकापर्यंत आली. ती म्हणाली, काका, त्यांना सांगितलं असतंत तर ते रागावले नसते हो. ते मला माहीत आहे, पोरी. तेच तर घेऊन जगायचंय.

शेटजींच्या मुलाकडं मी उद्या जातोय. त्याला काही मागायचं नाही, सांगायचं आहे. त्याच्या बापाचं पाणीही पिऊन येईन, तुझ्या वाटचं.

तू त्या खोलीत मला विचारलं होतंस, यशा. न्हाई. फुल नव्हती.